आईच्या तोंडावरचा पदर

मशेरी मला आईनं लावली नाही, मीच तिच्या डबीतून चोरली. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि सकाळी बोटानं हिरड्यांना चोळायची, ही आमच्या कोकणातल्या बायकांची जुनी रीत. हिरड्या घट्ट राहतात म्हणे. दहाव्या वर्षी दाढ दुखली तेव्हा मी चिमूटभर लावली. जरा गरगरलं, पण ठणका थांबला. तेव्हापासून बरीच वर्षं सुटली नाही.

ऐंशीच्या दशकात आम्ही चारकोपच्या नव्या वसाहतीत राहायला आलो आणि मी अंधेरीच्या एका कचेरीत टायपिस्ट झाले. तिथे माझ्या पर्समध्ये बडीशेप असायची. लोकांसमोर मी पेस्टवाली, आणि मोरीचं दार लावलं की मशेरीवाली. आईला मात्र लोकांदेखत बोलायचे. "तोंडाचा वास येतो तुझ्या, माणसं काय म्हणतील?" असं मी तिला शेजारणींसमोर म्हटलेलं आहे. शेवटी मीच तिला बोरिवलीच्या दातांच्या डॉक्टरांकडे ओढत नेलं.

तिच्या हिरड्या सुजल्या होत्या, त्यांतून पू येत होता. डॉक्टरांनी दातांवरचा दगडासारखा थर खरवडून काढला. आई म्हणाली, "ब्रश लावलो की रगात येता, म्हणान मी लावणंय नाय." डॉक्टर म्हणाले, "अहो मावशी, घाण राहते म्हणूनच रक्त येतं. मऊ ब्रश घ्या, हिरडीच्या कडेनं हलक्या हातानं फिरवा, सकाळी आणि झोपताना. मशेरी आजपासून बंद." मी शेजारी तोंड मिटून बसले होते. माझंही रक्त येत होतं आणि मीही ब्रश सोडून मशेरी वाढवली होती.

आईनं मशेरी खरोखर सोडली. पहिले पंधरा दिवस डोकं धरून बसायची, चिडायची, पण डबीला हात लावला नाही. जेवल्यावर मिठाच्या पाण्यानं चुळा भरायची. तीनेक महिन्यांत हिरड्या गुलाबी झाल्या, रक्त थांबलं. डबी माझ्याकडे आली, हे तिला कळलं होतं. ती एकदाच म्हणाली, "तू पण सोड गो." मी उलट तिच्यावरच खेकसले.

मग मला बघायला सांताक्रूझची मंडळी आली. घाबरले की मला मशेरी लागायची, त्या दिवशी दोनदा लावली. चहा देताना मुलाच्या आईशेजारी वाकले, तसं त्यांनी नाक मुरडलं. "कसला वास येतोय हो?"

मी ट्रे धरून उभी. बडीशेपेचा उपयोग झाला नव्हता. आता स्थळ गेलं, एवढंच डोक्यात होतं.

त्यांच्या शेजारीच बसलेल्या माझ्या आईनं पदर तोंडावर घेतला. "माझ्याच तोंडाचो तो. मशेरी लावतंय मी, सुटत नाय मेली," ती म्हणाली, आणि उठून दारापाशी जाऊन बसली.

त्या खोलीत तिच्याइतकं स्वच्छ तोंड कुणाचं नव्हतं. मी ट्रे घेऊन पुढच्या पाहुण्याकडे वळले. माझा जीव भांड्यात पडला होता, हे मी आज लिहिताना मान खाली घालूनच लिहिते.

लग्न ठरलं. त्याआधी मी गुपचूप त्याच डॉक्टरांकडे गेले. मशेरी सुटली, हिरड्या सुधारल्या, पण दोन दाढा गेल्या त्या गेल्याच. सासरी विचारलं तेव्हा कीड लागली होती असं सांगितलं.

आई सांताक्रूझला यायची तेव्हा सासूबाई चहाआधी तिच्या हातावर लांबूनच दोन लवंगा ठेवायच्या. त्यांना वाटे, आपण सांभाळून घेतोय. आई त्या मुकाट्यानं तोंडात टाकायची आणि पदर धरून बोलायची. अकरा वर्षं ती अशी येत राहिली. पुष्कळदा लवंगांची डबी फडताळातून काढून सासूबाईंच्या हातात मीच दिली.