सासूबाई गोड झाल्या त्या वर्षी

लग्न होऊन घाटंजीला आले तेव्हा माझ्या हातची पहिली भाजी खाऊन सासूबाई म्हणाल्या, "जमन. शिकशीन हळूहळू." त्यानंतर बावीस वर्षं मी हळूहळू शिकत होते. वरण पातळ, पोळी जाड, वाटण भरड, चालताना पाय आपटते, हसताना शेजारी ऐकू जातं. आमच्या घरात माझ्या चुका काढणं पंख्यासारखं चालू असायचं. बंद पडलं असतं तरच लक्षात आलं असतं.

आणि एका दुपारी ते बंद पडलं. ताटातली वांग्याची भाजी बोटानं चाटत त्या म्हणाल्या, "सूनबाई, काय फक्कड भाजी केली वं!" मी मागे वळून पाहिलं. म्हटलं, नेरहून मोठ्या जाऊबाई आल्या की काय. मागे फक्त फ्रिज होता.

तेवढ्यावर थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी पोळी मऊ निघाली, तिसऱ्या दिवशी मी दिसायला चांगली निघाले. मी जाऊबाईंना फोन लावला.

"आई मला छान म्हणाल्या."

"कोणाच्या आई?" त्यांनी विचारलं.

"आपल्या."

त्यांनी तिकडचा टीव्ही बंद केला. मग, "मले तर दिवाळीत म्हणे, तुया चिवड्यात जीवच नाई." मी त्यांचं सांत्वन केलं. ते करताना मला जो आनंद झाला तो इथे लिहिण्यासारखा नाही.

नात्यातल्या लग्नांत गोष्टी सांगायचं काम आमच्याकडे माझ्याकडेच असतं. त्या उन्हाळ्यात मी प्रत्येक मांडवात एकच गोष्ट सांगितली : सासू कशी जिंकावी. ऑफिसात दोन नव्या सुना होत्या, त्यांना जेवणाच्या सुट्टीत मी मार्गदर्शन करत असे. म्हातारपणी माणूस निवळतं, असं सगळेच म्हणतात. माझं म्हणणं, निवळायला तुरटी लागते. तुरटी कोण, हे मी ऐकणाऱ्यांवर सोडत असे.

मधे एकदा वरणात मीठच पडलं नाही. आमच्या ह्यांनी पहिल्या घासाला चमचा खाली ठेवला. आईंनी अख्खी वाटी संपवली, वर मागितलं आणि म्हणाल्या, "कसं गोड झालं!"

"बघा," मी ह्यांना म्हटलं, "माया असली की मीठ लागत नाही."

हे वाक्य मी खरंच बोलले. ह्यांनी मिठाचा डबा ओढला.

दिसत बरंच होतं. आठवडी बाजारात प्रत्येक भेंडीचं टोक मोडून पाहणारी बाई आता पिशवी पुढे करून नुसती उभी राहायची. दुसऱ्याच्या पातळाची चुणी नजरेनं टिपणारी, स्वतः तीन दिवस एकच पातळ नेसायची. एसटीत शेजारच्या अनोळखी बाईचा गाल कुरवाळायची. मी प्रत्येक गोष्टीला एकच नाव देत होते : माया. ऑफिसात माझ्याकडे आवक-जावक आहे. आलेल्या प्रत्येक कागदावर मी तारखेचा शिक्का मारते. घरात जे येत होतं त्यावर काही मारला नाही.

मग कुरडयांचे दिवस आले. आमच्या गल्लीत गव्हाचा चीक शिजला की नाही, हे आई ठरवत. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा तो पांढरा चीक पातेल्यात घोटायचा, आईंनी त्यात ओलं बोट बुडवायचं, अंगठ्यावर घासायचं आणि सांगायचं, "नाई. अजून घोट." त्यांनी "हं" म्हटल्याशिवाय कोणाचा सोऱ्या गच्चीवर जात नसे. बायका त्यांच्या नावानं बोटं मोडत आणि त्यांच्या कुरडया वर्षभर टिकत.

त्या वर्षी आई घरोघर गेल्या. कोणाच्या पातेल्यात बोट घातलं, कोणाच्या तेही नाही. सगळ्यांना सांगितलं, "छान झाला वं, पोरी." गल्ली धन्य झाली. दोन दिवसांनी गच्च्यांवर जे वाळलं होतं त्या कुरडया नव्हत्या, पांढरा भुगा होता. सहा घरांचा. मी गव्हाला दोष दिला.

समोरच्या काकू संध्याकाळी आल्या. आईंची त्यांच्याशी चाळीस वर्षांची मैत्री, म्हणजे चाळीस वर्षांचं भांडण.

"सूनबाई, सासूले दवाखान्यात दाखव."

"का हो? भुग्यासाठी?"

"भुगा गेला खड्ड्यात. ते मले छान म्हणली. चाळीस वर्षांत मले कधी छान म्हणली नाई ते. काई तरी बिघडलं हाये तिचं."

मला राग आला. छान म्हणणं हा काय आजार झाला? मलाही तर छानच म्हणत होत्या. काकूंचा जळफळाट झाला, असं मी ठरवलं, आणि पुढचे दोन महिने तसंच ठरवून राहिले. मग एका सकाळी आई मला म्हणाल्या, "बाई, तू लय गुणाची हायेस. कोणाची सून वं तू?" त्या दिवशी मी रजा टाकली.

यवतमाळच्या डॉक्टरांनी त्यांना घड्याळ काढायला लावलं. आईंनी गोल काढला, सगळे आकडे एका कुशीत दाटीवाटीनं बसवले आणि आम्हाला दाखवला. "छान झालं ना?"

डॉक्टर शांतपणे सांगत होते. मेंदूत चूक ओळखणारा, पारखणारा, आपल्याला आवरणारा एक भाग असतो. तो झिजायला लागला की कोणी चिडकं होतं, कोणी असं गोड. विसरणं दिसायच्या आधी कधीकधी स्वभावच बदलतो आणि घरचे म्हणतात, वय झालं. औषधानं थोडा आधार मिळेल, गेलेलं परत येणार नाही. आधी आणलं असतं तर बरं झालं असतं, असंही म्हणाले.

हे सगळं ऐकताना माझ्या डोक्यात काय आलं सांगू? म्हणजे ती वांग्याची भाजी फक्कड नव्हतीच? डॉक्टरांना विचारायला मी तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "आधी कशा होत्या?"

ह्यांनी छताकडे पाहिलं. मुलांना आपल्या आया कशा असतात ते माहीत नसतं. ते सुनांना माहीत असतं. मी सुरू केलं, "शिस्तीच्या होत्या."

"नीट सांगा. त्यावरूनच फरक कळेल मला."

मग मी नीट सांगितलं. पातळ वरण, जाड पोळी, आपटणारे पाय. माझ्या माहेरच्या लोणच्याला फोडणीचं पाणी म्हणाल्या ते. बावीस वर्षांचं सगळं. आई हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होत्या. शेवटी कळवळून म्हणाल्या, "आई वं! अशी सासू? तू कशी राह्यली वं तिच्यापाशी?"

मला एकदम राग आला. माझ्या सासूबद्दल बोलणारी ही कोण?

"तशा वाईट नव्हत्या हो," मी म्हटलं. "मला टायफॉइड झाला तेव्हा एकवीस दिवस उशाशी बसल्या होत्या. मला पेज नीट पिता येत नाही म्हणायच्या, आणि पाजायच्या. मला नोकरी लागली तेव्हा सगळे नातेवाईक नको म्हणत होते. ह्याच एकट्या म्हणाल्या, जाऊ द्या तिले, घरात तरी कोणते दिवे लावते?"

आई खुदकन हसल्या. मग जरा गंभीर झाल्या.

"मंग काय झालं त्या बुढीचं? गेली काय?"

डॉक्टरांचं पेन थांबलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हटलं. "आहे. आमच्याकडेच आहे."

"मंग जपजो तिले. तोंडाची खराब दिसते, पण जपजो."

मी हो म्हटलं, आणि डॉक्टरांना पुढचं सांगायला लागले. अजून बरंच होतं.