टायमरवरचा दिवा

नॉर्वेच्या पार उत्तर टोकाला, आमच्या मच्छीमार गावात, हिवाळ्याचे दोन महिने सूर्य उगवत नाही, आणि कोणी कोणाची ख्यालीखुशालीही विचारत नाही. विचारायचं कशाला? प्रत्येकाच्या खिडकीत दिवा असतो. दिवा दिसला की माणूस ठीक, अशी आमची सोयीची समजूत.

गुन्नव्हरचा दिवा रोज दुपारी तीनला लागे नि रात्री दहाला विझे. लावायचा तो टायमर. तिच्या नवऱ्यानं, आयनारनं, वारण्याआधीच्या हिवाळ्यात तो बसवून ठेवला होता.

गुन्नव्हर मात्र अंथरुणात पडून असे. तीस वर्षं मासळीच्या कारखान्यात उभ्यानं कॉड साफ केलेली ही बाई, पण यंदा सूर्य गेला आणि उठून दात घासणंही तिला जड झालं. नाताळही तसाच गेला. दक्षिणेतून बहिणीचा फोन आला की गुन्नव्हर म्हणे, "काळोख आहे गं, दुसरं काय!" काळोख तर सगळ्यांनाच होता. आपलंच रडगाणं गायची तिला लाज वाटे.

त्यात समोरच्या घरातला ऑडमुंड, तिचा शाळासोबती, शेवटचा दुकानात भेटला तेव्हा म्हणाला होता, "तुझा दिवा दिसला की बरं वाटतं बघ. आपल्या गल्लीत तूच एक खमकी!" त्यानंतर सांगणार तरी काय?

एका दुपारी टायमर खट्‌ वाजला, दिवा लागला. 'मी मेले तरी हा लागतच राहील,' तिच्या मनात आलं, आणि ती घाबरली. भिंतीला धरून उठली आणि प्लग उपटून टाकला.

त्या दिवशी कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाहेर बर्फ काढणारी गाडी येऊन गेली, तेवढाच आवाज.

तिसऱ्या दिवशी दार वाजलं. दारात ऑडमुंड, हातात नवा बल्ब.

"काय गं, बल्ब गेला तर सांगायचं नाही? आज बदलशील, उद्या बदलशील म्हणून वाट बघतोय. आळशी कुठली!"

हो म्हणणं सोपं होतं. बल्ब देऊन तो गेला असता.

"बल्ब चांगला आहे रे," ती म्हणाली. "मीच उठत नाहीये. महिना होऊन गेला."

ऑडमुंडनं जमिनीवर पडलेला प्लग पाहिला. बल्ब खिशात घातला आणि खाली बसून बुटांच्या नाड्या सोडू लागला.

"कॉफीचा डबा कुठाय?" त्यानं विचारलं.