तात्याचं मनगट

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. कारगिलच्या लढाईत जखमी होऊन मी विमानानं खाली आलो, त्या विमानात एक जवान दगावला. ठपका तात्यावर बसला... चूक माझी होती.

आमच्या इंदापूरकडच्या डाळज गावचा तात्या हवाई दलात जखमींची शुश्रूषा करायचा. मालवाहू विमानात स्ट्रेचर एकावर एक बांधलेले, मी खालच्यावर. मांडीत तोफगोळ्याचा बोटभर कपचा घुसलेला. रक्त कधीच थांबलं होतं, पण "आई गं, मेलो" हे माझं चालूच. इंजिनाच्या घरघरीत तात्यानं माझ्या कानाला तोंड लावलं, "इंदापूरकडचं का, पाव्हणं? कायबी हुत न्हाय तुमाला." आपली बोली ऐकली आणि मी त्याचं मनगट दोन्ही हातांनी आवळलं. "सोडा, वरच्याला बघू द्या!" नाही सोडलं. हिसडा देऊन त्यानं हात सोडवला, तोवर वरचा निपचित झाला होता. वाचला असता का, देव जाणे. उतरल्यावर साहेबानं तात्याला हयगय केली म्हणून झाडलं. मी शेजारीच, डोळे मिटून बेशुद्धीचं सोंग घेतलेलं. तात्या माझं नाव बोलला नाही. इंदापुरात मात्र माझी उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली. वाघ म्हणे!

गेल्या महिन्यात तात्या गेला. दशक्रियेच्या फ्लेक्सवर त्याच्यामागं लढाऊ विमान छापलेलं. हयातभर त्याला 'मुताची भांडी उचलणारा फौजी' म्हणणारे आता माईक धरून 'शत्रूच्या छाताडावर नाचलेला वीर' म्हणत होते. थुंकावंसं वाटलं, पण त्यांच्यात पहिल्या रांगेत मीच बसलेलो.

पिंडाला कावळा शिवेना. "रस्त्याला तात्यांचं नाव देऊ," पुढारी ओरडला. कावळा ढिम्म. तात्याची बायको, काकू, माझ्याजवळ आल्या. "तुमी त्या इमानात हुता न्हवं? ह्यांच्या हयगयीनं एक पोरगं गेलं म्हणत्यात. खरं का वो?"

"मला शुद्ध नव्हती, काकू," मी म्हणालो.

शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं.

भिगवणला चहाच्या टपरीवर भेटला की तात्या बोलता बोलता माझ्या मनगटावर दोन बोटं टेकवायचा. विमानाच्या आवाजात छातीचे ठोके ऐकू येत नाहीत, बोटांवरच भिस्त; ती सवय. "चालू हाय, पाव्हणं," म्हणायचा. आता माझीच बोटं तिथं जातात.

काकूंना वाचता येत नाही, म्हणून हे लिहून माझी सुटका नाही. त्यांच्यासमोर बसून, मला शुद्ध होती, एवढं सांगायचं माझ्याकडं अजून राहिलंय.