सुमीचं स्थळ आणि माझी कानटोपी

आमच्या घरात विणकाम येणारा माणूस एकच होता, आणि दुर्दैवानं तो मी होतो.

सी.पी.च्या, म्हणजे जुन्या मध्य प्रांताच्या काळातली गोष्ट. सिविल लाइंसमधल्या एका कचेरीत मी नवा नवा कारकून लागलो होतो. एका रविवारी जवळच्या पनागर गावाहून मटाराचं पोतं सायकलला बांधून येत होतो. उतार लागला. सायकलनं माझं ऐकणं सोडलं, पोत्यानं सायकलचं, आणि शेवटी सगळ्यांत वर पोतं, त्याच्या खाली सायकल आणि तळाशी मी! (मटार शाबूत होते. आईनं आधी तेच पाहिले.) माझा उजवा पाय मात्र प्लास्टरमध्ये गेला आणि भर थंडीत मी अंगणातल्या खाटेवर येऊन पडलो.

शेजारच्या मिसराइन चाची रोज आमच्या अंगणात उन्हाला येऊन बसत. तोंडानं साऱ्या गल्लीची खबर आणि हातानं स्वेटर, दोन्ही एकाच वेगानं चालू. दोन दिवस त्यांनी माझे उसासे ऐकले आणि तिसऱ्या दिवशी माझ्या मांडीवर दोन सलाया, म्हणजे विणायच्या सुया, आणि लोकरीचा गोळा टाकला.

"लल्ला, ऐसे पड़े-पड़े तो सड़ जाओगे. लो, सीखो! एक सीधा, एक उलटा."

मी शिकलो. आणि खोटं कशाला बोलू, बिघडलो! पाठीवर ऊन, मांडीवर उबदार लोकर, आणि आपल्याच बोटांतून काहीतरी लांब लांब होत बाहेर पडतंय! असं सुख कचेरीत फायली बांधताना कधी मिळालं नव्हतं. पहिला मफलर चार बोटं रुंद सुरू केला. वाटेत टाके आपोआप कसे वाढत गेले देव जाणे, पण संपला तेव्हा त्याच्या एका टोकाला मफलर होता आणि दुसऱ्या टोकाला सतरंजी. मग मोज्यांची जोडी केली. एक मोजा बाबांना आला. दुसरा कोणाला येईल ते अजून ठरायचं आहे.

बाबा जाम वैतागले.

"अरे, काहून असा दिवसभर विणून राहिला तू? पुरुषाची जात! कोणी पाहील ना!"

"बाबा, जरा डोकं इकडे करा. कानटोपीचं माप घ्यायचंय."

"डोकं फिरलंय माझं! फिरल्या डोक्याचं काय माप घेतो?"

(संध्याकाळी गारठा वाढला, की दार लावून, खिडकी लावून, तीच टोपी घालून बसत. दारावर कोणी थाप मारली, की टोपी उशीखाली!)

अशात सुमीसाठी सिहोऱ्याचं स्थळ आलं. सुमी माझी धाकटी बहीण. मुलाचं नाव माधवराव. त्यांना तिनं एका लग्नात पाहिलं होतं. पंगतीत त्यांनी तिच्या पानात न मागता जिलबी वाढली, एवढाच काय तो परिचय. पण त्या दिवसापासून आमच्या घरात जिलबीचं नाव निघालं, की सुमी लाल व्हायची. मला तिनं खाटेजवळ येऊन स्पष्ट सांगितलं, "दादा, हे जमलं तर ठीक. नाही जमलं तर पुढच्या कोणासमोर मी पोहे घेऊन जाणार नाही. आईला सांगून ठेव."

आता त्या काळात मुलगी पाहायला मंडळी आली, की तिच्या हातचं काम मांडून ठेवायची रीत होती. ते तिच्याच हातचं असलं पाहिजे असा काही कोणाचा हट्ट नसे. आमच्या गल्लीत मण्यांचा एक हिरवा पोपट होता. ज्या घरी पाहुणे येणार त्या घरी तो आदल्या दिवशी जाऊन भिंतीवर बसायचा. त्या एका पोपटाच्या जोरावर गल्लीतल्या कितीतरी मुली उजवल्या! पण आमच्या वेळेला तो दुसऱ्या एका घरी अडकला होता. आईनं घरभर नजर फिरवली, ती माझ्यावर येऊन थांबली, आणि माझ्या हाताखालचं सगळं लोकरीचं सामान तिनं उचललं.

"आई, ते माझं आहे!"

"आता सुमीचं आहे. तू चूप बैस."

पाहुणे आले. माधवराव, त्यांचे वडील आणि त्यांची आई, म्हणजे काकू. वडील फक्त पोहे खायला आले होते, कारभार सगळा काकूंकडे. माधवराव बसल्या बसल्या शिंकले. लागोपाठ आणखी शिंकले.

"थंडी बाधते हो याला," काकू म्हणाल्या. "म्हणून म्हटलं, सून विणणारी पाहिजे. आल्या थंडीला लेकराच्या डोक्यावर टोपी तर चढेल!"

आईचा चेहरा उजळला. "अच्छा, मग पाहा ना! हे सगळं आमच्या सुमीनंच केलंय हो!"

माझी छाती उगाच फुगली. काकूंनी कानटोपी उचलली, उलटीपालटी करून पाहिली आणि सरळ माधवरावांच्या डोक्यात घातली. बाबांनी माप दिलं नव्हतं, म्हणून टोपी माझ्या डोक्याच्या मापाची. (आमच्या घराण्यात डोकी मोठी. आतलं काही विचारू नका.) ती कपाळावरून उतरली, डोळ्यांवरून उतरली आणि नाकावर जाऊन थांबली.

"ऊब आहे," आतून आवाज आला.

"ही किनार छान जमलीये गं," काकू सुमीला म्हणाल्या आणि पिशवीतून स्वतःच्या सलाया काढल्या! "मला काही केल्या जमत नाही. घे, चार टाके घालून दाखव."

सुमीनं त्या घेतल्या. सलाई तिनं आजवर फक्त परकराची नाडी ओवायला हातात धरली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. काकूंची पाठ माझ्या खाटेकडे होती, म्हणून मी पोह्यांचा चमचा उचलला, बाबांच्या बशीतला दुसरा घेतला आणि हवेत विणायला लागलो. हा असा आत घाल, दोरा असा फिरव, असा बाहेर ओढ! सुमीला काही कळेना. मी जोर वाढवला. मान हलवली, भुवया उडवल्या, खांदे घुसळले. एक पोहा उडाला आणि काकूंच्या अंबाड्यात जाऊन बसला.

काकू वळल्या. मी दोन्ही चमचे हवेत धरून तसाच गोठलो.

"यांना काय होऊन राहिलं?"

आणि मग आमच्या बाबांनी, जन्मात कधी वेळेवर न बोललेल्या माझ्या बाबांनी, तोंड उघडलं.

"काही नाही, काही नाही. झटके येतात त्याला."

"झटके?" काकूंनी बशी खाली ठेवली. "म्हणजे फेफरं? घराण्यात आहे का?"

"छे छे! फक्त यालाच!"

"लहानपणापासून?"

"नाही नाही, सायकलवरून पडल्यापासून."

"पडला म्हणून झटके आले, की झटका आला म्हणून पडला?"

बाबा अडकले. काकूंनी आपल्या नवऱ्याकडे पाहिलं, त्यांनी घाईघाईनं उरलेले पोहे तोंडात भरले. (उठायची वेळ झाली हे अनुभवी माणसाला कळतं.) सुमीच्या डोळ्यांत पाणी तरळलं. मी बाबांकडे पाहिलं. घरात फेफरं असलेलं बरं, की विणणारा मुलगा असलेला बरा, याचा ते मनापासून विचार करत होते. आणि शपथेवर सांगतो, त्यांचा कल फेफऱ्याकडे होता!

तेवढ्यात सुमीनं सलाया खाली ठेवल्या.

"काकू, दादाला काही झालेलं नाही. तो मला विणायला शिकवून राहिला होता. हे सगळं त्यानंच केलंय. मला सलाईनं नुसती नाडी ओवता येते."

आईनं डोक्याला हात लावला. बाबांनी डोळे मिटले. काकूंनी आधी सुमीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू?" त्यांनी सलाया माझ्यापुढे धरल्या. "कर पाहू."

मी केलं. काकू अगदी जवळ सरकून पाहत होत्या. मध्येच म्हणाल्या, "मागचा टाका सुटला." सुटलाच होता. मी तो परत उचलला.

"बाई गं! सुटलेला टाका उचलता येतो याला!" काकू कपाळावर हात मारून म्हणाल्या. "मी तर अख्खं उसवते. माधव, तू काय म्हणतोस?"

टोपीतून आवाज आला, "मला पसंत आहे."

मुलगी पसंत, की टोपी, हे विचारायची हिंमत कोणालाच झाली नाही. आईनं तेवढ्यात सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली.

लग्न माघात ठरलं. काकूंचा निरोप आला, की मुहूर्त पहाटेचा आहे, थंडी कडक असेल, तेव्हा विणणाऱ्या मेहुण्यानं नवरदेवासाठी नवी कानटोपी करावी, आणि या खेपेला मापाची करावी. माझा पाय बरा झाला होता, हुरूप तर ओसंडून चालला होता. मी अशी टोपी केली, की वारा सोडा, शेजाऱ्यानं मारलेली हाक आत जाणार नाही! गच्च, दुहेरी, कानांवर तर तिपदरी. काकूंनी ती पहाटेच माधवरावांच्या डोक्यात घट्ट बसवली आणि भटजींनी त्या टोपीवरूनच मुंडावळ्या बांधल्या. सगळ्यांनी वाहवा केली. मी मांडवभर मिरवत होतो.

लाजाहोम आला. भटजी म्हणाले, "चला, नवरीचा भाऊ कुठाय? कानपिळीला या!"

नवरदेवाचा कान पिळायचा, बहिणीला नीट सांभाळ म्हणून बजावायचं, आणि त्याबद्दल मानाचं उपरणं घ्यायचं. मेहुण्याच्या आयुष्यातला हा एकमेव अधिकाराचा क्षण! मी बाह्या सरसावून पुढे झालो, हात घातला, आणि हाताला लोकर लागली. चाचपलं. लोकरच. आत बोट सरकेना. टोपी ओढली, तर मुंडावळ्या तुटायला आल्या.

"अहो, विधी संपेपर्यंत मुंडावळ्या सोडता येत नाहीत!" भटजी ओरडले.

"मग कान कुठून आणू?"

"ते विणताना पाहायचं!" काकूंनी उपरणं पुन्हा घडी करून काखेत मारलं. "कान नाही, तर मान नाही!"

मी वाकलो, टोपीच्या बाहेरून अंदाजानं एक फुगवटा धरला आणि सगळा जीव एकवटून पिळला. माधवराव शांतपणे माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी हळूच सुमीला विचारलं, "तुझा भाऊ माझ्या डोक्याशी काय करून राहिला? परत झटका आला का?"