आता ती गप्प बसते

इंदापूर तालुक्यात अंथुर्ण्याजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत मी बरीच वर्षं शिकवलं. चौथीपर्यंतची शाळा, आम्ही दोघीच शिक्षिका. बारामतीहून रोज स्कूटीवर जायचे.

तिसरीत एक मुलगी होती. आजोबांनी उभा जन्म मेंढरं राखलेली, वडील उसाचा ट्रॅक्टर चालवायचे. ती एका जागी बसायचीच नाही. पुस्तक समोर आलं की अडखळायची. पण गोष्ट एकदा ऐकली की दुसऱ्या दिवशी हातवाऱ्यांसकट सांगायची. गोष्टीत लांडगा आला की तीच लांडगा व्हायची.

त्याच सुमारास आमचं एक प्रशिक्षण झालं. प्रत्येक मुलाची बुद्धी वेगळी, शिकायची रीत वेगळी, असं साहेब सांगत होते. चहाच्या सुट्टीत आम्ही हसलो, म्हटलं साहेबांनी एक दिवस आमचा वर्ग घ्यावा. पण सोमवारी त्या मुलीकडे बघून वाटलं, करून तर बघू.

पटांगणात पांढऱ्या फक्कीनं चौकटी आखल्या. ती उड्या मारत पाढे म्हणू लागली. एकाला चित्र काढल्याशिवाय भागाकार कळत नसे, त्याला चित्रं काढू दिली. एकीला पुटपुटायला लागायचं, ती भिंतीकडे तोंड करून पुटपुटायची. गोंगाट असा, की संध्याकाळी माझा घसा बसलेला असे.

एक दिवस तिचे आजोबा आले. "बाई, पोरगी शाळंत उड्या मारायला येती व्हय?"

"आबा, तिला सातचा पाढा विचारा."

तिनं उड्या मारत न चुकता म्हणून दाखवला. आबांनी नीट ऐकून घेतलं. "गप बसून म्हणत न्हाय का?"

"अजून नाही."

"मग म्होरं कसं व्हायचं तिचं?"

होईल, असं मी म्हणाले. चौथी संपेपर्यंत ती वाचायला लागली. वर्गात फेऱ्या मारत, ओळीखाली बोट ठेवून, पण वाचायला लागली.

पाचवीला ती मोठ्या शाळेत गेली. मी मुद्दाम तिच्या सरांना भेटले. "तिला जरा उभं राहून वाचू द्या," म्हटलं. सर भले होते. त्यांनी चहा मागवला, आणि म्हणाले, "बाई, खोलीत बाकाला बाक लागलाय. कुणाकुणाला उभं करू?" मी चहा संपवून निघाले.

गेल्या वर्षी बारामतीच्या स्टँडवर ती आईबरोबर भेटली. आठवीत होती, उंच झाली होती. आई कौतुकानं म्हणाली, "आता लय शानी झालीया, बाई. वर्गात हूं का चूं करत न्हाय. तुमच्याकडं लय दंगा करायची."

"वाचतेस का गं?" मी विचारलं.

तिनं आधी आईकडे पाहिलं. "वाचती की, बाई. पर सर इचारत न्हाईत. मागं बसती मी."

"मागं का?"

"पुढं हुशार पोरी बसत्यात."

तू हुशार आहेस, असं मी म्हटलं. ती नुसती हसली, ओळखीच्या बाईंचं मन राखायला हसावं तशी. इंदापूरची गाडी लागली. आईनं पिशवीतले दोन पेरू माझ्या हातात कोंबले आणि दोघी गर्दीत घुसल्या.

पाचवीच्या त्या सरांकडे मी एकदाच गेले होते. पुन्हा जायला हवं होतं. गेले असते तरी काय झालं असतं, हे आजही मला सांगता येत नाही.