लाल चौकोनातली पुस्तकं

ते प्रकरण आठवलं की निवृत्तीनंतरही माझं डोकं तापतं. तेव्हा मी अकोल्याच्या जुन्या शहरात ठाणेदार होतो. खबऱ्याने सांगितलं, एका मुलीच्या खोलीवर विद्यापीठाच्या शिक्क्याची पोतंभर पुस्तकं आहेत. आम्ही पंचनामा करून ती ताब्यात घेतली.

मुलगी भातकुलीकडची, नुकतीच सरकारी नोकरीसाठी निवडलेली. चारित्र्य पडताळणी बाकी होती. गुन्हा नोंदला असता तर नोकरी गेलीच म्हणून समजा.

चौकशीत ती रडली नाही. "पुस्तकं चोरले नाई, साहेब. भंगारवाल्याच्या ढिगातून त्याले विचारून उचलले. लगद्यात गेले असते." भंगारवाल्यानेही तेच सांगितलं. माल विद्यापीठ ग्रंथालयाच्याच गाडीतून आला होता.

फोनवर "चोरीचीच आहेत, गुन्हा दाखल करा" असं ठणकावणारे ग्रंथपाल ठाण्यात आल्यावर हे ऐकून नरमले. पुस्तकं त्यांनीच रद्दीत काढली होती, तीही दप्तरी नोंद न करता. स्वतःची मान सोडवायला ते एका पोरीला अडकवायला निघाले होते. वर मला लॅपटॉपवर रंगीत तक्ता दाखवला. प्रत्येक पुस्तकाचा एक चौकोन. वरचेवर घरी नेलेलं हिरवं, कधीच न नेलेलं लाल. "ही सगळी लाल आहेत साहेब. कोणी वाचतच नाही."

पोलिसाची नजर आधी बोटांच्या खुणा शोधते. मी एक पुस्तक उचललं. पानांच्या कडा हाताळून काळ्या पडलेल्या, पाठ चिकटपट्टीने जोडलेली. न वाचलेलं पुस्तक असं झिजत नाही. आत शिक्का होता: 'संदर्भ ग्रंथ. घरी नेण्यास मनाई.'

मी मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, "घरी नेऊच देत नव्हते ना. आमी तिथंच बसून वाचत होतो. याच पुस्तकांवर तर परीक्षा पास झाली मी."

"घरी न्यायची मनाई तुमची, आणि घरी नेलं नाही म्हणून रद्दीत टाकणारेही तुम्हीच?" मी ग्रंथपालांना विचारलं.

"आम्ही फक्त डेटा पाहिला," ते म्हणाले. या उत्तराचा संताप अजून गेलेला नाही. वाचनकक्ष त्यांच्या खोलीला लागूनच होता.

गुन्हा नोंदवला नाही. पडताळणीच्या कागदावर मी स्वतः सही केली. तेव्हापासून कोणी तक्ता पुढे केला की मी आधी विचारतो, यात मोजायचं कोण राहिलं?

पुस्तकं परत न्यायला आलेल्या ग्रंथालयाच्या गाडीत पोतं चढवताना ती ग्रंथपालांना म्हणाली, "सर, आता कपाटातच ठेवजा. पोरं येतीन वाचाले." ते लॅपटॉप मिटून गाडीत बसले. त्यांनी तिची माफीही मागितली नाही.