अठरा हजार फुटांवरचं पित्त

माझ्या कामोठ्याच्या दवाखान्यात सॅम्पलच्या गोळ्यांचा एक खण आहे. तो कधी भरला ते कळलं नाही, आणि आता उघडला की बंद होत नाही. लडाखच्या किश्श्यांचं तसंच झालंय. आमचा पनवेलकरांचा ग्रुप दरवर्षी तिकडे जातो आणि मी डॉक्टर म्हणून बरोबर असते. किस्से ऐकून लोक खो खो हसतात. हसा! मला मात्र ते सांगताना अजूनही संताप येतो.

गोष्ट साधी आहे. वर हवा विरळ असते. शरीराला तिची सवय व्हायला वेळ लागतो. ती व्हायच्या आत वर वर गेलात, की डोकं ठणकतं, उलट्या होतात, आणि तरीही चढलात तर मेंदूला सूज येते. माणूस दगावतो. हे मी दरवर्षी निघण्याआधी बोर्डावर चित्र काढून सांगते. पण आपल्याकडे डोकं दुखून उलटी झाली की तिला एकच नाव असतं. पित्त!

*

ग्रुपचे लीडर करंजाड्याचे जितूशेठ. मन मोठं, आवाज त्याहून मोठा. पहिल्या वर्षी लेहला उतरल्या उतरल्या मी सांगितलं, "दोन दिवस नुसता आराम. शरीराला सवय होऊ द्या."

"आराम?" जितूशेठ म्हणाले, "मॅडम, आराम करायला आमची करंजाड्याची गच्ची काय वायट हाय?"

संध्याकाळी सगळे बाजार पालथा घालून आले. रात्री जेवायला डायनिंग हॉलमध्ये मी एकटी, बाकीचे खोल्यांत डोकं धरून!

*

कापराने ऑक्सिजन वाढतो हे कुठल्या तरी व्हॉट्सॲपवर आलं होतं. मी घसा फोडून सांगितलं की नाही वाढत. तरी प्रत्येकाच्या रुमालात कापूर! गाडीत बसले तर देवघरात कोंडल्यासारखं झालं. मी म्हटलं, "ताट आणा, आरतीच करून टाकू."

मागच्या सीटवरून आवाज आला, "मॅडम, प्रसादाला काय आहे?"

गाडीभर हशा. मी खिडकी उघडली आणि पुढचा तासभर तोंड बाहेर काढून बसले.

*

जोशीसर, बँकेतून रिटायर झालेले. त्यांनी कोरोनातला ऑक्सिमीटर सोबत आणला, आणि ग्रुपमध्ये बोर्डाचा निकाल लागल्यासारखं सुरू झालं. "माझे अठ्ठ्याऐंशी!" "माझे नव्वद, डिस्टिंक्शन!"

एका सकाळी मी खोल्यांमधून तपासणी करत होते. जोशीसर डोक्यावरून रजई घेऊन झोपलेले, शेजारी त्यांच्या पत्नी. "सर, बोट द्या." रजईतून बोट आलं. आकडा ब्याण्णव. झकास! पण बोटाला गुलाबी नेलपॉलिश.

"सर, हे बोट कुणाचं?"

रजईतून उत्तर आलं, "आमच्या हिचं. तिला चांगले मार्क पडतात हो!"

मी रजई ओढली. त्यांचे ओठ निळे पडले होते आणि आकडा बहात्तर होता. मी ऑक्सिजनची नळी त्यांच्या नाकात खुपसली. आणि हे गृहस्थ मला विचारतायत, "रिचेकिंग करता येईल का?"

*

नेनेकाकू वाटेत चक्कर येऊन पडल्या. वर शरीरातलं पाणी भराभर कमी होतं, म्हणून मी सगळ्यांना सतत पाणी प्यायला बजावलं होतं. काकूंची बाटली सकाळपासून सीलबंद!

"काकू, का नाही प्यायलात?"

"अगं, प्यायले तर जाऊ कुठे? वाटेत आडोसा तरी आहे का?"

सहा गाड्या, तीस माणसं, चार महिन्यांचं प्लॅनिंग. कापूर आणायचा लक्षात होता, पण बायकांच्या आडोशाचा विचार एकाच्याही डोक्यात आला नाही. माझ्यासुद्धा! त्या दिवशी सगळ्यात जास्त राग मला माझा आला.

दुसऱ्या दिवशी जितूशेठच्या पत्नी, सुनंदावहिनी, दोन साड्या घेऊन गाडीतून उतरल्या. एक टोक त्यांनी धरलं, दुसरं माझ्या हातात दिलं. "आता पोटभर पाणी प्या गं सगळ्याजणी!"

जितूशेठ गाडीत बसून हॉर्न वाजवत होते.

*

आणि आता गेल्या वर्षीचं.

जितूशेठना अठरा हजार फुटांच्या खिंडीतल्या पिवळ्या पाटीखाली फोटो काढायचा होता. त्यासाठी निघण्याआधीच त्यांनी घरी हॉलमध्ये खिळा ठोकून ठेवला होता. खिंडीच्या अलीकडच्या मुक्कामी सकाळी मी त्यांच्या तंबूत गेले, तर ते डोकं गच्च धरून बसले होते. दोनदा उलटी झालेली.

"पित्त हाय," ते म्हणाले. "आवळासुपारी खाल्ली, आता बरं वाटंल."

मेंदूला सूज आली की आधी तोल जातो, म्हणून मी बाहेर मातीत काठीने सरळ रेघ ओढली. "हिच्यावरून चालून दाखवा."

तिसऱ्या पावलाला ते आडवे झाले. उठत म्हणाले, "रेघच वाकडी काढली मॅडमनी."

"आत्ताच्या आत्ता खाली उतरायचं," मी म्हटलं. आजूबाजूला कुजबुज सुरू झाली. एकजण म्हणाला, "खिंड तासाभरावर आहे हो, फोटो काढून लगेच उतरू ना!"

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. "ह्यांचा मेंदू सुजतोय आणि तुम्हाला फोटो सुचतोय?" मी किंचाळले. वर कुणी किंचाळू नये, मलाच धाप लागली. जितूशेठ म्हणाले, "आमी माघारी फिरनार नाय."

सुनंदावहिनी पुढे झाल्या. त्यांनी नवऱ्याच्या दंडाला धरलं, गाडीत ढकललं, दार लावलं आणि ड्रायव्हरला खालचा रस्ता दाखवला. मी वाटभर ऑक्सिजन देत होते. जितूशेठ मला एकदा "आये" म्हणाले. तीन हजार फूट उतरलो, दुपार कलली, तेव्हा कुठे त्यांनी डोळे नीट उघडले आणि विचारलं, "जेवाया काय हाय?"

परत आल्यावर पळस्प्याच्या एका हॉटेलात गेट-टुगेदर झालं. जितूशेठ माईक घेऊन उभे राहिले. "मना काय झालं नव्हतं. मॅडमचं पित्त खवळलं, म्हनून त्यांना घेऊन खाली यावं लागलं. माझा फोटो तेवढा राहिला!"

सगळे हसले. माझ्या हातातला ग्लास आता फुटेल असं मला वाटलं.

सुनंदावहिनी वाटीत भात कालवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

"खिळा हाय तसाच हाय. हार तेवढा वाचला."